रोबोटनं माणूस मारला तर आत कोण जाणार?

भटक्या७७: मार्च २०१८, अमेरिकेत अ‍ॅरिझोनातलं टेम्पी. रात्री एक ४९ वर्षांची बाई सायकल ढकलत रस्ता ओलांडत होती, उबरच्या टेस्टिंगवरच्या आपोआप चालणाऱ्या गाडीनं उडवलं, बाई गेली. चौकशीत निघालं की गाडीला ती ५.६ सेकंद आधीच दिसली होती, पण सॉफ्टवेअर तिला कधी गाडी समजतंय कधी सायकल, कारण माणूस क्रॉसिंग सोडून मधेच रस्त्यात येतो हे त्यात घातलंच नव्हतं. गाडी मूळची व्होल्वोची, तिचं स्वतःचं इमर्जन्सी ब्रेकिंग पण उबरनं बंद ठेवलेलं. आणि २०१९ ला सरकारी वकील म्हणतो उबरवर फौजदारी होत नाही, शिक्षा कोणाला तर गाडीत लक्ष ठेवायला बसवलेल्या ड्रायव्हरला, २०२३ मधे ३ वर्षं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली. ब्रेक बंद करणारे मोकळे कसे?

सातारी_पेढा: अर्धंच सांगताय. ती ड्रायव्हर मोबाईलवर टीव्ही शो बघत होती, पगार रस्त्याकडे बघायचा होता. एसटीच्या ड्रायव्हरनं असं केलं तर डेपोला धरणार का?

भटक्या७७: एसटीवाल्याच्या हातात स्टिअरिंग असतं हो. इथे तासन् तास नुसतं बसायचं, लक्ष उडणारच, आणि आधी दोघं बसायचे ते कंपनीनंच एकावर आणलं.

वेल्डशॉप: चाकणला रोबोट लाइनवर ११ वर्षं आहे. सेलच्या, म्हणजे रोबोटभोवतीच्या कुंपणाच्या गेटला सेफ्टी स्विच असतो, गेट उघडलं की रोबोट जागेवर थांबतो. जुन्या कंपनीत टार्गेटसाठी तो स्विच वायर टाकून बायपास केलेला, सुपरवायझरसकट सगळ्यांना माहीत. पोराची दोन बोटं गेली, रिपोर्टात काय, 'कामगाराचा निष्काळजीपणा'.

काळाकोट: आत कोण जाणार हे ठरेपर्यंत घरच्यांनी काय खायचं? आपल्या मोटार वाहन कायद्यात कलम १६४ आहे, चूक कोणाची ते सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख, मालकाकडून नाहीतर विम्याकडून. रोबोटला पण असंच पाहिजे. ब्रिटननं २०२४ ला कायदाच केला, गाडी स्वतः चालत असताना जबाबदार परवाना घेतलेली कंपनी, आत बसलेला नाही.

सातारी_पेढा: भरपाई द्या, हरकत नाही. पण सरसकट कंपनीला धरलं तर छोटे लोक नवीन काही बनवणारच नाहीत. ज्यानं ब्रेक बंद करायचा निर्णय घेतला त्याची सही शोधा, त्याला धरा.

वेल्डशॉप: सही कुठली दादा, आमच्याकडे ती वायर कोणी टाकली ते आजवर कळलं नाही, रजिस्टरला एंट्रीच नाही. सेफ्टी बंद करायची तर मॅनेजरनं नाव, तारीख, टाइम लिहायचं, नाही लिहिलं तर मॅनेजरच आरोपी, एवढं करा.