मदत हवी आहे: घरात जमलेला संवाद बाहेर कसा उतरवायचा?

धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. औषधं नियमित चालू आहेत, नसलेले आवाज ऐकू येणं बरंच कमी झालंय. बोलणं मात्र आटलंय. समुपदेशकांनी शिकवल्याप्रमाणे आम्ही दोघं रोज १० मिनिटं बोलण्याचा सराव करतो: एकच छोटा प्रसंग, आधी मी करून दाखवते, मग तो करतो, मग काय चांगलं जमलं ते लगेच सांगते. घरात तो नजर मिळवून ‘कसे आहात?’ विचारतो. जिन्यात शेजारी भेटले की मान खाली, बोटं शर्टाच्या बटणाशी. इतरांबरोबर गटात बसून सराव करायला तो अजून तयार नाही, जबरदस्ती मला करायची नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी मधली पायरी कोणती ठेवली? आणि बाहेर मी त्याच्या शेजारी उभं राहावं की लांब थांबावं?