‘प्रेम असलं की नियम कशाला’ म्हणणाऱ्यांसाठी

खारा_वारा
परवापासून एक पोस्ट फिरतेय. परदेशी मिशनरी सेवेला जायचं तर चार-पाच जणांच्या टीममधूनच जा, मोठ्या संस्थेत नुसते फॉर्म आणि अहवाल, छोटी टीम म्हणजे कुटुंबच, प्रेम असलं की नियम कशाला. दाखला कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला एकत्र राहून काम केलेल्या केरी, मार्शमन, वॉर्ड या इंग्रज मिशनऱ्यांच्या त्रयीचा. खाली ‘आमेन’ची रांग. गप्पच बसणार होतो, पण तिथे तरुण पोरं ‘कधी निघू?’ विचारताहेत, म्हणून लिहितो.

मी असल्या कुटुंबात राहून आलोय. दोन जोडपी, एक अविवाहित भगिनी आणि मी. टीमलीडर हाच आमचा पाळक, व्हिसाच्या कागदांवर सही त्याची, आणि आमच्याविषयी मायदेशातल्या मंडळ्यांना, म्हणजे आम्हाला पाठवणाऱ्या चर्चना, कळवणाराही तोच. त्याच्याशीच बिनसलं तर दाद कुणाकडे मागायची? स्थानिक विश्वासणाऱ्यांकडे? ते कालपरवा विश्वासात आलेले, त्यांच्यापुढे घरची धुणी धुवायची? घरी लिहावं तर उलट विचारणा येते: भाऊ, प्रार्थनाजीवन कसं चाललंय? शेवटी एक जोडपं ‘आरोग्याच्या कारणास्तव’ परतलं. पत्रकात तसंच छापलं. खरं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि सेरामपूरचं नाव घेता तर पुरतं घ्या. १८०० साली एकत्र राहायला लागल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं? नियम. तिजोरी एक, पंगत एक, घराचा कारभार महिन्यामहिन्याने आळीपाळीने, आणि शनिवारची संध्याकाळ आपसातले रुसवेफुगवे मिटवायला राखलेली. १८०५ मध्ये तर कामाची तत्त्वं लेखी करारात उतरवली. १८२३ मध्ये वॉर्ड वारला तोवर तिघं एकत्र राहिले ते उगाच नाही.

पहाटतारा
तुमच्यावर बेतलं ते वाईटच. पण एका लीडरचा राग अख्ख्या पद्धतीवर काढू नका. सेरामपूरचं तुम्हीही अर्धंच सांगितलंत. एवढे नियम असून मागून आलेले तरुण मिशनरी ज्येष्ठांच्या कारभाराला कंटाळून कलकत्त्याला वेगळे झाले, आणि १८२७ मध्ये मालमत्तेच्या वादात त्यांना पाठवणाऱ्या मायदेशातल्या सोसायटीशीच काडीमोड झाला. करार काय चाटायचाय?

मी मोठ्या संस्थेतही काढलीत वर्षं. एका घराने आम्हाला आपल्या खेड्यात बोलावलं. परवानगी मागितली. कमिटी बसेल, मग ठरेल. कमिटी बसली तोवर ते कुटुंब तिथून हललं होतं. छोटी टीम हे त्याच रात्री ठरवते. बायबलमधल्या पौल-बर्णबांचं बिनसलं तेव्हा त्यांना पाठवणाऱ्या अंत्युखियाच्या मंडळीने कुठे चौकशी समिती नेमली? एकाच्या दोन टीम झाल्या, काम वाढलं.

खारा_वारा
वाढलं म्हणे! त्यांचा सोबती मार्क पहिल्या फेरीत पंफुल्यातून परत फिरला म्हणून पौल त्याला नेईना आणि बर्णबा सोडेना. कलस्सै ४:१० उघडा, मार्क बर्णबाचा भाऊबंद. पहिल्याच टीममध्ये नातेवाइकाचं प्रकरण. कुटुंब-कुटुंब करणाऱ्यांनी तिथे जरा थांबावं.

पहाटतारा
आणि २ तीमथ्य ४:११ कोण उघडणार? मार्कला घेऊन ये, तो उपयोगी आहे, हे पौलच लिहितो. तुमच्या नियमावलीने तो पोरगा जन्मभर घरी बसला असता.

शेवटची_बाक
पौल बरोबर की बर्णबा, दोन हजार वर्षांत ठरलं नाही. तुम्ही आज रात्री उरकून टाका.

मार्थाची_लेक
‘एक अविवाहित भगिनी’ म्हणून खारा_वारा अर्ध्या ओळीत पुढे निघून गेले. मी ती भगिनी. तुमच्या टीमची नव्हे, दुसऱ्या टीमची. भाषेचा वर्ग मी बुडवायचा, कारण जोडप्यांची मुलं सांभाळायला कुणीतरी हवं. लीडरांच्या बैठकीत मी चहा नेऊन देणार. तक्रार केली तर म्हणे, ताई, आपण कुटुंब आहोत ना!

अमेरिकन मिशनरी लॉटी मून १८७३ मध्ये चीनला गेली. शाळेच्या चार भिंतींत जन्म घालवायला ती तयार नव्हती. १८८५ मध्ये पिंगतूला एकटीने जाऊन तिने काम उभं केलं. आणि त्रयी-त्रयी म्हणताना बायका कुठे गेल्या? मार्शमनची बायको हॅना, तिच्या शाळेच्या उत्पन्नावरही सेरामपूर चाललं. केरीची बायको डोरोथी आधी निघायलाच तयार नव्हती. १७९४ मध्ये तिचा मुलगा पीटर गेला, तिचं मन ढासळलं ते सावरलंच नाही, १८०७ मध्ये तशीच गेली. तिची दाद कुणाकडे होती?

पहाटतारा
ताई, हे दुखणं मोठ्या संस्थेतही आहे.

मार्थाची_लेक
आहे. पण तिथे निदान तक्रार कुणाच्या नावे लिहायची ते माहीत असतं.

हिशेबनीस
सगळे पौलावर बोलताय, पैशावर कुणी नाही. छोट्या टीमचं खरं दुखणं तिथे आहे. प्रत्येक घर आपापल्या मंडळ्यांतून आधार उभा करतं. एकाची मंडळी सधन, त्याचे पैसे वेळेवर. दुसऱ्याचे निम्मेच जमलेले, तरी निघाला, कारण पाचारण, म्हणजे देवाची हाक, थांबत नाही. एकाच छपराखाली एक जण मुलांना आंतरराष्ट्रीय शाळेत घालतो, दुसरा घरी शिकवतो. गाडी एकाच्या पैशाची, काम सगळ्यांचं, मग ती कुणाच्या नावावर? इंग्रज मिशनरी हडसन टेलरने १८६५ मध्ये चायना इनलँड मिशन काढलं तेव्हा ठरवलं: कर्ज नाही, वर्गणी मागणं नाही, ठरीव पगार नाही, येईल ते वाटून घ्यायचं.

शेवटची_बाक
मागायचे नाहीत, मात्र १८७५ पासून मासिक काढलं. गरज कळवायची, हात पसरायचा नाही. छान सोय.

हिशेबनीस
टिंगल सोपी आहे. तुम्ही कधी आधारासाठी मंडळ्यांची दारं ठोठावलीत? फोटो दाखवा, गहिवर आणा, मग पेटी फिरते. मी केलंय. पौलासारखं हाताने कमवावं असं वाटतं, ते उगाच नाही.

पहाटतारा
पौलाने पोटासाठी तंबू शिवणं करिंथात ठीक होतं, अक्विल्ला-प्रिस्किल्ला जोडीला होते. आजचे ‘तंबूवाले’ व्यवसायाच्या व्हिसावर जातात आणि व्यवसाय फक्त पाटीवर. शेजारी विचारतात, तुमचं पोट कशावर चालतं? उत्तर काय देता? खोटं बोलून सत्याची साक्ष द्यायची?

हिशेबनीस
तोंड सांभाळा. आमचा धंदा खरा होता, कर भरत होतो, माणसं कामाला होती. धंद्यामुळे सेवेला वेळ उरत नव्हता, आणि मायदेशातली मंडळी विचारत होती, किती आत्मे मिळवले? पाटीवरच्या धंद्याची मजा दुसरेच मारतात.

पहाटतारा
तुम्हाला नाही म्हटलं. पण आहेत असे, तुम्हालाही माहीत आहे.

हिशेबनीस
आहेत. म्हणूनच वह्या बाहेरच्या माणसाने तपासाव्यात.

खारा_वारा
बघा, फिरून बाहेरचाच माणूस लागला. टेलरने १८६६ मध्ये चीनला नेलेल्या जथ्यातही मिशनऱ्यांनी चिनी पोशाख घालावा की नाही यावरून दुफळी झाली, त्यातल्या निकोलला १८६८ मध्ये काढावं लागलं. काढणाराही टेलरच, वाद ज्याच्याशी तोही टेलरच. मला हेच नकोय. टीमबाहेर एक-दोन वडीलधारी माणसं ठेवा, त्यांना कुणीही थेट लिहू शकेल आणि गरज पडली तर ते लीडरला परत बोलावू शकतील.

पहाटतारा
वह्या तपासा, पत्रं वाचा, शनिवारची संध्याकाळही घ्या, सगळं मान्य. परत बोलवायचा अधिकार मात्र नाही. तो दिला की तुम्ही नवी संस्थाच काढली, फक्त पाटी लहान.

मार्थाची_लेक
मग लीडरने चुकायचं ठरवलं तर?

पहाटतारा
मग टीमने वेगळं व्हावं. बर्णबासारखं.

हिशेबनीस
व्हावं की. आधी गाडी कुणाच्या नावावर ते सांगा.