घरी जाऊन पॅलिएटिव्ह केअर, रेकॉर्डच्या ॲपमध्ये नक्की काय ठेवायचं?

प्रश्न
नमस्कार, 2 नर्स, 1 सोशल वर्कर आणि आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर एवढीच आमची टीम, तालुक्यातल्या गावांत घरी जाऊन गंभीर आजाराचे पेशंट बघतो, बहुतेक कॅन्सरचे, त्यांचं दुखणं आणि त्रास कमी करणं हेच काम. मागच्या महिन्यात रात्री 11 ला एका घरून फोन आला, बाबांना दुखणं सहन होत नाहीये, गोळी अजून देऊ का, आणि रजिस्टर ऑफिसात कुलपात! म्हणून ॲप करायचंय, पण करणारा मुलगा ओपीडीसारखा 4 पानी फॉर्म घेऊन आलाय. काय ठेवू, काय काढू?

गृहभेट_नर्स
ताई, त्या रात्रीच्या फोनवरूनच डिझाइन करा. उघडल्या उघडल्या दिसलं पाहिजे मॉर्फिन, म्हणजे दुखण्यावरचं तीव्र औषध, किती मिलिग्रॅम, दर 4 तासांनी का, मधेच कळ आली तर जास्तीची किती, डोस शेवटी कधी बदलला, आणि शौचाला कधी झाली, कारण मॉर्फिनवर बद्धकोष्ठ होतोच आणि पोट साफ होण्याची गोळी लिहायची राहून जाते. नेट नसताना चालायलाच हवं. एडमंटन स्केलवर, म्हणजे त्रास आकड्यात मोजायच्या पट्टीवर, 0 ते 10 मध्ये सांगा म्हटलं की आमच्या आजीबाई गप्प बसतात, मी विचारते रुपयातले किती आणे दुखतंय, मग 12 आणे म्हणतात आणि मी आकडा टाकते. तेव्हा नुसतं सरकवायचं बटण देऊ नका, शब्द लिहायलाही जागा द्या.

पॅलिएटिव्ह_डॉक्टर
एक रकाना सक्तीचा करा, पेशंटला आजाराचं नाव माहीत आहे का, घरात कोणाला माहीत आहे. पुष्कळ घरी मुलं दारातच सांगतात, आईसमोर कॅन्सर म्हणू नका. आणि तुम्ही खाटेशेजारी फोन उघडता तेव्हा वर मोठ्या अक्षरात तोच शब्द! पहिल्या स्क्रीनवर निदान नकोच. आशाताई त्याच गावच्या असतात, म्हणून त्यांना भेटीची तारीख आणि औषधं दिसू देत, सोशल वर्करने लिहिलेली घरातली भांडणं, कर्ज हे नको. मॉर्फिनच्या साठ्याचं रजिस्टर मात्र बंद करू नका, अमली पदार्थांच्या कायद्यातल्या 2014 च्या दुरुस्तीनंतर लायसन्सचा त्रास कमी झाला, हिशोब ठेवणं सुटलेलं नाही.

प्रश्नकर्ती
खूप आभार, निदानाचं तर डोक्यातच आलं नव्हतं, मुलाला आजच सांगते.

गृहभेट_नर्स
अजून एक. पेशंट गेल्याची नोंद एका बटणावर हवी आणि त्याच क्षणी सगळे रिमाइंडर थांबले पाहिजेत. आमच्याकडे तेराव्याच्या दिवशी घरच्यांना मेसेज गेला होता, उद्या तुमची भेट आहे. मुलीने फोन केला, काहीच बोलली नाही, नुसती रडत होती. त्या बटणाने दोनच कामं उघडावीत, उरलेलं मॉर्फिन परत आणणं आणि घरच्यांना भेटायला जाणं.