गॉडझिला पाहुणा म्हणून कुठे कुठे जाईल? विनोदी वेबकॉमिकसाठी सल्ला हवाय

रेघोट्या (सोलापूर)
नमस्कार मंडळी. जपानी सिनेमातला महाकाय प्राणी गॉडझिला, त्याच्यावर एक विनोदी फॅन वेबकॉमिक काढतेय. दर भागात तो कुठल्यातरी वेगळ्याच गोष्टीच्या जगात जाऊन येतो. मी सोलापूरची, म्हणून त्याचाही मुक्काम आपल्याच जिल्ह्यात ठेवलाय. इमारती पाडणं आणि लोकांची पळापळ मला नकोय, ते सिनेमात पोटभर आहे. वाचणाऱ्याला खुदकन हसू यावं आणि हा प्राणी आवडावा, एवढंच हवंय. त्याला कुठल्या जगात पाठवू? एवढं धूड मोबाईलच्या उभ्या पडद्यावर कसं बसवू? आणि आधी काही वाचायला हवं असेल तर तेही सांगा की ओ.

जुनी_पानं
मार्वल या अमेरिकी कॉमिक प्रकाशनाची १९७७ ते १९७९ मधली २४ अंकांची गॉडझिला मालिका मिळाली तर नक्की वाचा. तिच्यात एके ठिकाणी त्याला आकसवून लहान करतात आणि तो न्यूयॉर्कच्या गटारात उंदराशी झुंजतो. १९९३ मध्ये डार्क हॉर्स या दुसऱ्या कॉमिक प्रकाशनाने एक अंक काढला, त्यात तो चार्ल्स बार्कली या बास्केटबॉलपटूसमोर चक्क सामना खेळायला उतरतो. दोन्हीकडे त्याच्या आकाराचा धाक बाजूला पडतो आणि तिथूनच मजा सुरू होते.

गॉडझिलाला विनोद शोभतो का, ही शंका मनात ठेवू नका. १९५४ चा पहिला सिनेमा हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांच्या छायेतला, फार गंभीर. पण १९६५ मध्ये हाच प्राणी शत्रूला पिटाळल्यावर उड्या मारत नाचला, आणि ती उडी त्या वेळी जपानभर गाजलेल्या एका विनोदी चित्रकथेतून (मांगा) घेतलेली होती. म्हणजे दुसऱ्याच्या जगातलं काही उचलून आणणं त्याच्या घरातच सुरू झालंय.

आजीच्या_गोष्टी
परदेशी सुपरहिरोंकडे सगळेच पाठवतात. तुम्ही त्याला आपल्या गोष्टींत पाठवा. त्या वाचकाला पाठ असतात, त्यामुळे पार्श्वभूमी समजावण्यात पानं जात नाहीत.

चिऊताईचंच घ्या. पाऊस कोसळतोय आणि मेणाच्या घराच्या दारात कावळ्याच्या जागी गॉडझिला. त्याचं एक नखसुद्धा त्या घरापेक्षा मोठं. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड!’ आतून उत्तर तेच येतं, ‘थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते.’ मग पावडर, मग काजळ. तो थांबतो. ओला होतो, पण थांबतो. चिऊताईला तो कोण आहे याची फिकीर नाही, बाळाचं आवरणं महत्त्वाचं. त्याला घाबरायचं असतं हे तिला कुणी सांगितलेलंच नाही! मला वाटतं तुमच्या अख्ख्या मालिकेचा जीव इथेच आहे. यजमान जगाने आपले नियम बदलायचे नाहीत आणि पाहुण्याने ते मनापासून पाळायचे.

भोपळ्यातली म्हातारीही आहे. वाघ-कोल्ह्यांच्या रांगेत शेवटी हा. ‘लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते’ हे ऐकून तो खरंच वाट बघत बसतो. ती परत येते, पण जाडजूड होऊनही त्याच्या दाताच्या फटीत मावेल एवढीच. मग तो भोपळ्याला हलकेच टिचकी मारतो आणि म्हातारी एका टुणूकमध्ये घरी.

आणि इसापाचा बेडूक! बैलाएवढं व्हायला फुगणारा. त्याच्यापुढे गॉडझिला आला तर? तो बिचारा घाबरून आपलाच श्वास सोडत राहतो, पोट आत घेतो, जमिनीला चिकटून बसतो, का तर बेडकाने आणखी फुगू नये म्हणून. हा भाग तुम्ही काढाच.

मापपट्टी
एकच उंची धरा आणि ती सोडू नका. १९५४ चा गॉडझिला ५० मीटर, १९८४ चा ८०, १९९१ मध्ये १००. शहरं उंच होत गेली तसा तोही वाढला. तुमच्यासाठी ५० उत्तम. आपल्याकडच्या मापांशी ताडून बघा. सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची २०२३ मध्ये पाडलेली धुराची चिमणी ९० मीटरच्या पुढे होती, म्हणजे तो तिच्या निम्म्याहून थोडाच वर. उजनी धरणाची भिंत पायापासून ५६ मीटरच्या आसपास, तिच्यामागे तो लपूही शकतो. मुक्काम तिथेच ठेवा, हिवाळ्यात पाठीवर रोहित पक्षी बसतील.

माणसाच्या साधारण ३० पट उंच, म्हणून त्याला थंडीत सोलापुरी चादर द्यायची तर लांबीला ३० आणि रुंदीला ३०, एकूण ९०० चादरी जोडाव्या लागतील. या हिशेबावर एक भाग होतो.

गलिव्हरच्या राक्षसदेशात नेलंत तर तिथली माणसं आपल्या १२ पट. तिथे हा आपल्याकडच्या जिराफाएवढाच दिसेल. आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्याचे लाड करेल.

मोबाईलवर तो पूर्ण मावायची गरज नाही. आधी पाऊल, बोट खाली सरकवत जावं तसं गुडघा, पोट, आणि बऱ्याच वेळाने चेहरा. पहिल्या सिनेमात पोशाखातल्या नटाला जलद गतीने चित्रित करून पडद्यावर संथ दाखवलं, म्हणून वजन जाणवलं. तुम्ही एका पावलाला चार चौकटी द्या.

पूर्वभाग_पोरगा
कुंभकर्ण राहिला की! सहा महिने झोपणारा गडी. ढोल, हत्ती सगळं थकल्यावर गॉडझिलाला बोलावतात.

आजीच्या_गोष्टी
कल्पना मोठी गोड आहे, पण रामायण अनेकांसाठी श्रद्धेचा विषय आहे. सुरुवातीच्या भागांत नको. वाचकांचा विश्वास बसल्यावर, आदराने करा.

शाई_आणि_फाँट
गॉडझिलाचे हक्क तोहो कंपनीकडे आहेत. फुकट वाचायला ठेवा, ‘चाहत्याने काढलेलं’ असं ठळक लिहा, टी-शर्ट वगैरे विकू नका. लोककथा आणि इसापनीतीवर कुणाचा हक्क नाही. अलीकडच्या मराठी लेखकांची पात्रं घेताना मात्र जपून, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. अक्षरांसाठी ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे ‘बालू’ आणि ‘मुक्ता’ हे फाँट मोफत मिळतात. फुग्यात ओळींमध्ये जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. डरकाळी हाताने काढा. मूळ आवाज कॉन्ट्राबासच्या सैल तारांवर चामड्याचा हातमोजा घासून केला होता, अक्षरंही तशीच खरखरीत हवीत.

रेघोट्या (सोलापूर)
सगळ्यांचे मनापासून आभार. उंची ५० मीटर पक्की, मुक्काम उजनी, आणि सुरुवात चिऊताईपासून. काजळाच्या चौकटीत त्याच्या पापणीवरून थेंब गळतोय, हे आत्ताच काढून ठेवलं. दुसरा भाग बेडकाचा. ९०० चादरींच्या भागासाठी मागासमोर बसून रेखाटनं करायची आहेत, जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची, भोकं पाडलेल्या पत्त्यांची माळ नीट बघायला हवी. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, कुणाच्या ओळखीचा कारखाना आहे का?

पूर्वभाग_पोरगा
आमच्या मामांचे माग आहेत. रविवारी बंद असतात, मधल्या वारी या. आवाज फार असतो, बोलणं ऐकू येणार नाही, प्रश्न वहीत लिहून आणा.