अटकेतील कार्यकर्त्याच्या सुटकेसाठी मोहीम: नागपुरातून सुरुवात कशी करावी?

धरमपेठकर:
नमस्कार. गडचिरोली जिल्ह्यात ग्रामसभांना वनहक्काचे दावे भरून देण्याचे काम करणारे आमच्या परिचयाचे एक कार्यकर्ते गेल्या आठ महिन्यांपासून यूएपीएखालील (बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंध कायदा) गुन्ह्यात न्यायालयीन कोठडीत आहेत. वकिलांनी बजावल्यामुळे त्यांचे नाव आणि गुन्ह्याचा तपशील येथे देत नाही. कृपया कोणी विचारूही नये. दोषारोपपत्र दाखल झाले आहे, जामीन अर्ज एकदा फेटाळला गेला आहे आणि प्रकरण आता उच्च न्यायालयात न्यायचे आहे. आम्ही दहा जण आहोत: शिक्षक, एक निवृत्त बँक कर्मचारी, काही विद्यार्थी. मागच्या बैठकीत दोन तास वाद झाला. कोणाला संविधान चौकात धरणे हवे आहे, कोणाला ऑनलाइन सह्यांची मोहीम, आणि अटकेतील कार्यकर्त्याच्या थोरल्या भावाचे म्हणणे असे की बोभाटा झाला तर जामीन आणखी लांबेल, म्हणून सर्वांनी गप्प बसावे. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे की सुरुवात कुठून करावी.

खंडपीठाचा जुना पक्षकार:
भावाची समजूत घातल्याशिवाय एकही पत्रक छापू नका. वकिलांची संमतीही लेखी घ्या, कारण तुमच्या पत्रकातले एखादे उत्साही वाक्य उद्या सरकारी वकील वाचून दाखवू शकतात.

आता मुद्द्याचे. 'सुटका करा' ही मागणी नेमकी कोणाकडे आहे, हे आधी ठरवा. तुरुंग अधीक्षक सोडू शकत नाहीत, जिल्हाधिकारी सोडू शकत नाहीत. यूएपीएच्या कलम ४३ड(५) नुसार आरोप प्रथमदर्शनी खरे मानण्यास वाजवी कारण आहे असे न्यायालयाला वाटले तर जामीन देता येत नाही, आणि त्यासाठी न्यायालय कागदपत्रे पाहते, सह्या मोजत नाही. मात्र याच कायद्यात खटला चालवण्यासाठी कलम ४५ खाली शासनाची पूर्वमंजुरी लागते आणि ती मंजुरी मंत्रालयातून येते. खटला मागे घेण्याचा अर्जही सरकारी वकीलच करू शकतात, अर्थात न्यायालयाच्या परवानगीने. म्हणजे शासनाकडे मागण्यासारखे बरेच आहे, पण ते प्रत्येक कार्यालयाच्या अधिकाराप्रमाणे वेगवेगळे मागावे लागते.

पूर्वमंजुरीचा मुद्दा किती वजनदार असतो ते आपल्या शहराने पाहिले आहे. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. जी. एन. साईबाबा यांना याच कायद्याखाली मे २०१४ मध्ये अटक झाली आणि ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मंजुरी कायद्याप्रमाणे नसल्याच्या कारणावरून त्यांना मुक्त केले. दुसऱ्याच दिवशी, शनिवार असूनही, सर्वोच्च न्यायालयाने विशेष बैठक घेऊन त्या निकालाला स्थगिती दिली. एप्रिल २०२३ मध्ये तो निकाल रद्द होऊन प्रकरण पुन्हा नागपूरला आले, ५ मार्च २०२४ रोजी खंडपीठाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवले आणि ७ मार्चला, म्हणजे शिक्षेपासून बरोबर सात वर्षांनी, चाकाच्या खुर्चीवरून ते नागपूर कारागृहाबाहेर आले. त्याच खटल्यातील पांडू नरोटे यांचा त्याआधीच, ऑगस्ट २०२२ मध्ये, कैदेत असताना मृत्यू झाला होता. साईबाबांचेही ऑक्टोबर २०२४ मध्ये हैदराबादला निधन झाले. हे सांगण्याचे कारण एवढेच की मोहिमेचे वेळापत्रक महिन्यांचे आखू नका.

तुमच्या वकिलांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या के. ए. नजीब निकालाबद्दल अवश्य विचारा. खटला वाजवी मुदतीत संपण्याची शक्यता नसेल तर ४३ड(५) असूनही घटनात्मक न्यायालये (उच्च आणि सर्वोच्च न्यायालय) जामीन देऊ शकतात, असे त्यात म्हटले आहे. त्यामुळे प्रत्येक तारखेला काय झाले, कोण गैरहजर होते, तारीख कोणी मागितली याची एका वहीत नोंद ठेवणारा माणूस हा तुमच्या गटातला सर्वांत उपयोगी माणूस ठरेल. निवृत्त बँक कर्मचारी आहेतच म्हणता, तर ती वही त्यांच्याकडे सोपवा.

रामदासपेठ:
वरच्या सल्ल्याशी मी अंशतः असहमत आहे. कार्यालयागणिक मागणी वाटून घेतली की मोहीम लहानसहान गोष्टींत अडकते. याच कायद्याखाली अटकेत असलेले आदिवासी हक्कांचे कार्यकर्ते फादर स्टॅन स्वामी यांना पार्किन्सनचा आजार होता, पेला हातात धरता येत नव्हता, म्हणून त्यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये सिपरसाठी (नळीने पिण्याच्या पेल्यासाठी) अर्ज केला. लोक इतके संतापले की त्यांनी तळोजा कारागृहाच्या पत्त्यावर सिपर पाठवायला सुरुवात केली. शेवटी सिपर मिळाला. जामीन मात्र मिळाला नाही, आणि ५ जुलै २०२१ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी कोठडीत असतानाच रुग्णालयात त्यांचे निधन झाले. सवलत देऊन माणूस ठेवून घेणे यंत्रणेला परवडते. सुटकेची मागणी दर पत्रकात पहिल्या ओळीतच असली पाहिजे, तिला दुसरी कोणतीही मागणी पर्याय ठरू नये.

आणि गप्प बसल्याने जामीन लवकर मिळतो, याला आधार काय? छत्तीसगडमध्ये काम करणारे डॉक्टर आणि मानवी हक्क कार्यकर्ते बिनायक सेन यांना मे २००७ मध्ये बिलासपूरला अटक झाली. २००८ मध्ये जगातील २२ नोबेल विजेत्यांनी पत्र लिहून त्यांना एका पुरस्कारासाठी वॉशिंग्टनला जाऊ द्यावे अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही. पण त्यानंतर हे प्रकरण विस्मरणात गेले नाही, आणि मे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. पत्रामुळेच दिला असे मी म्हणणार नाही. पत्रामुळे तो लांबला असेही कोणी दाखवलेले नाही, एवढे भावाला सांगा.

खंडपीठाचा जुना पक्षकार:
मान्य, पहिली ओळ सुटकेचीच असावी. फक्त न्यायालयाचा अवमान कायदा, १९७१ ध्यानात ठेवा: विलंबावर, कायद्यावर, झालेल्या निकालावर वाजवी शब्दांत टीका करता येते, न्यायाधीशांच्या हेतूवर शंका घेणारी घोषणा एकानेही दिली तर ती तुमच्या माणसाच्या माथी बसते. साक्षीदारांची नावे तर कुठेही नकोत.

बर्डीचा भाऊ:
धरण्याविषयी थोडक्यात लिहितो. संविधान चौकात बसायचे तर पोलिसांकडे आधी अर्ज द्या, पोच घ्या, ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी मागा. वीस माणसांचे धरणे एरवी सिग्नलला थांबलेल्या गाड्यांनाच दिसते. खरा उपयोग डिसेंबरमध्ये, हिवाळी अधिवेशनाच्या काळात. तेव्हा मुंबईचे पत्रकार आणि अधिकारी येथेच असतात. त्याआधी एखाद्या आमदारांना भेटून तारांकित प्रश्न टाकायला सांगा, कारण त्याला शासनाला उत्तर द्यावे लागते आणि ते कामकाजात नोंदले जाते.

माहितीच्या अधिकाराचाही वापर करा. व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत देणे कलम ७(१) प्रमाणे बंधनकारक आहे. औषधे मिळतात का, तज्ज्ञ डॉक्टरकडे कधी नेले, हे याच कलमाचा उल्लेख करून विचारा. अर्जावर तो उल्लेख नसेल तर तीस दिवसांच्या ढिगात जातो.

अजनीच्या ताई:
माझे यजमान एका आंदोलनाच्या प्रकरणात चौदा महिने आत होते. कोणत्या कारागृहात ते लिहीत नाही. आपण सर्वांनी बाहेरचे लिहिले आहे, मी आतले लिहिते.

अटक झाली त्या महिन्यात त्यांना साठ-सत्तर पत्रे आली. पाचव्या महिन्यात दोन आली, तीही माझीच. आतला माणूस पत्रे मोजतो, आणि माझ्या मते कर्मचारीही मोजतात. ज्याची टपाल येते त्याच्याशी बोलण्याची रीत थोडी वेगळी असते, हे त्यांनी स्वतः सांगितले. म्हणून तुम्ही दहा जण आहात तर दहा आठवड्यांची पाळी लावा आणि फिरवत राहा. पत्र मोठ्या, सुट्या अक्षरांत, कागदाच्या एकाच बाजूला लिहा; ते आधी तपासले जाते, आणि वाचायला कंटाळवाणे असेल तर बाजूला पडते. प्रकरणाबद्दल एक अक्षरही नको. मी आमच्या अंगणातल्या संत्र्याच्या झाडाला बहर धरला का, पाणी किती वेळा दिले, एवढेच लिहायची. ते कागद घडीवर फाटून चार तुकडे झाले होते, तरी त्यांनी घरी आणले. प्रत्येकावर तपासणीचा जांभळा शिक्का आहे.

आणखी एक. तुमच्या कार्यकर्त्याचे थोरले भाऊ गप्प बसा म्हणतात ते भित्रेपणाने म्हणतात असे समजू नका. तुरुंगातल्या दर मुलाखतीला, म्हणजे भेटीला, रांगेत तेच उभे राहतात, आणि आत कोणी काही बोलले तर पहिल्यांदा त्यांच्याशीच बोलते. त्यांच्याबरोबर एकदा रांगेत उभे राहा. आम्हाला सकाळी आठला नाव लावून दुपारी एकला आवाज यायचा, आणि बोलायला मिळायची ती वीस मिनिटे. तेवढ्यात मुलाच्या शाळेची फी, वकिलाचा निरोप आणि त्यांच्या गुडघ्याचे दुखणे, सगळे बसवायचे.

धरमपेठकर:
सर्वांचे आभार. ताईंचा मजकूर मी भावांना फोनवर वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की पुढच्या मुलाखतीला कोणीतरी सोबत या, डबा मी आणतो. धरण्याचा निर्णय अधिवेशनाच्या तारखा लागेपर्यंत पुढे ढकलला आहे. तारखांची वही सुरू झाली असून, माहिती अधिकाराचा अर्ज वकिलांना दाखवून सोमवारी देणार आहोत. पत्रांच्या पाळीत पहिला आठवडा माझा आहे; आमच्याकडे संत्र्याचे झाड नाही, त्यामुळे काय लिहावे याचा विचार चालू आहे.