चैत्र यात्रेत जोतिबा डोंगरावरचं घर: पाणी, गुलाल आणि गच्ची

डोंगरवाट:
कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीत, जोतिबाच्या देवळापासून दोन गल्ल्या सोडून स्लॅबचं घर आहे. कामदा एकादशीपासून सासनकाठ्या (भक्तांच्या उंच निशाणकाठ्या) यायला लागतात, पौर्णिमेला मुख्य दिवस आणि पुढं पाकाळणीपर्यंत (यात्रेनंतर देऊळ धुण्याचा विधी) वर्दळ. घरात सहा माणसं, परड्यात एक म्हैस आणि गवताची गंजी. गच्चीवर 1000 लिटरची टाकी आहे. पाण्याचा साठा किती करावा? उधळलेल्या गुलाल-खोबऱ्यापासून टाकी आणि भिंती कशा सांभाळायच्या? पाहुणे गच्चीवरून पालखी बघायला येतात, त्यांना किती जणांपर्यंत वर सोडावं? समोरचे खेळण्यांचे दुकानदार लाईट मागतात, तीही द्यावी का?

पाणीवाला:
आधी हिशेब. काटकसरीनं माणशी 70 लिटर म्हणजे 420. म्हशीला उन्हाळ्यात पिण्यापुरतंच 70-80. दिवसाला 500 लिटर धरा, म्हणजे तुमची टाकी दोन दिवसांत तळ गाठणार. गर्दी चढली की टँकर वर आणणं अवघड, म्हणून एकादशीच्या आत आणखी 1500 लिटर साठवा. मुक्कामी पाहुण्यामागे रोज 40 लिटर वेगळे.

टाकीत गुलाल झाकणातून कमी आणि ओव्हरफ्लोच्या पाइपातून व हवेच्या भोकातून जास्त जातो. दोन्हींवर सुती कापडाची दुहेरी घडी दोऱ्यानं बांधा. प्लास्टिक बांधू नका, हवा अडली की पाणी नीट उतरत नाही.

साठवलेल्या पाण्याला 1000 लिटरला 2.5 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर पुरते, म्हणजे साधारण अर्धा चहाचा चमचा. बादलीत कालवून दहा मिनिटं ठेवा, चुना खाली बसला की वरचं निवळ तेवढंच टाकीत ओता. तासाभरानं वापरा. पाणी गुलाबी दिसलं तर ब्लीचिंगचा उपयोग नाही, त्यानं जंतू मरतात, रंगाचं रसायन तसंच राहतं. ते पाणी पिऊ नका, म्हशीलाही पाजू नका. टाकी रिकामी करून धुवा.

एक गोष्ट हमखास राहते. गच्चीचं पाणी बोअरला सोडलं असेल तर तो पाइप यात्रेआधीच काढून ठेवा. यात्रेनंतर वळीव कोसळला की गच्चीवरचा गुलाल आणि खोबऱ्याचे तुकडे सगळे बोअरमध्ये उतरतात. गच्ची कोरडी झाडून, एक चांगली सर वाहून गेल्यावरच पाइप जोडा.

भिंतींचं सोपं आहे, रोज संध्याकाळी पाइपानं धुऊन काढा.

गिलावा:
भिंतीला पाणी अजिबात लावू नका! गुलालातला रंग पाण्यात विरघळतो आणि चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीत मुरतो. मग डाग निघत नाही, वर नवा हात मारला तरी गुलाबी झाक उमटते. आधी मऊ झाडूनं वरून खाली कोरडं झाडा, मग कोरड्या फडक्यानं पुसा. कपड्यांचंही तेच: आधी झटका, मग भरपूर गार पाणी. सोलरच्या काचेला मात्र उलट, कोरडं घासलं तर चरे पडतात. तिथं सकाळी, काच गार असताना पाणी मारा.

गच्चीबद्दल कळकळीनं सांगतो. माणसं चढतात अशा गच्चीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला 150 किलो भार धरून काढतात. पालखीच्या वेळी लोक खांद्याला खांदा लावून उभे राहिले की एका चौरस मीटरमध्ये चार-पाच जण मावतात, म्हणजे 250 ते 300 किलो. शिवाय सगळे एकाच बाजूला, कठड्याशी. अर्ध्या विटेचा कठडा रेटा सोसायला बांधलेलाच नसतो. चौरस मीटरला दोन माणसं, याच्या वर कुणालाही सोडू नका. कठड्यापासून तीन फुटांवर दोर बांधा आणि जिन्याच्या दारात घरचं माणूस बसवा. पुढं आलेला छज्जा असेल तर त्यावर कुणीच नको.

काठ्या तुमच्या गल्लीतून जात असतील तर आडव्या गेलेल्या डिशच्या, इंटरनेटच्या केबली आधी उतरवा. काठी अडकली की केबल कठड्यासकट ओढली जाते.

वायरमन_करवीर:
दुकानदाराला घरच्या मीटरवरून लाईट देऊ नका. घरगुती वीज धंद्याला दिली तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली दुप्पट दरानं आकारणी होते. शिवाय 500 वॉटचे चार हॅलोजन म्हणजे जवळपास 9 अँपिअर. गुंडाळून ठेवलेल्या बारीक वायरवर एवढा भार टाकला की वायर तापून आवरण वितळतं. त्यांना तात्पुरतं कनेक्शन घ्यायला सांगा.

डोंगरवाट:
भिंतीचं बरं झालं कळलं, धुवायला पाइप जोडूनच ठेवला होता. म्हशीचं आणि गंजीचं काय करू?

वैरणकाडी:
म्हैस शक्यतो पाहुण्यांकडं खाली पाठवा. ठेवायचीच असेल तर रस्त्याकडची बाजू तरटानं झाका, हलगी आणि ढोल जवळ आले की आंबोण घालून गुंतवा, आणि पाच दिवसांची वैरण आत घ्या. गुलाल पडलेलं गवत झटकूनही घालू नका.

गंजीचा धोका मोठा. उघड्यावर तीन दगडांची चूल मांडणारे लोक वारा बघत नाहीत. गंजीभोवती दहा फूट पट्टा खुरप्यानं मातीपर्यंत साफ करा. 200 लिटरचं पिंप आणि दोन बादल्या शेजारीच ठेवा. ते पाणी आधीच्या हिशेबात धरू नका. मागच्या बाजूला कुणी चूल मागितली तर गंजीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जागा दाखवा आणि निघताना राखेवर पाणी ओतून हातानं चाचपायला लावा.