गणपत गल्लीतलं पोर्ट्रेट: चेहरा कापून चिकटवल्यासारखा का दिसतो?

ब्रशवाला_शहापूर: १८ बाय २४ इंची कॅनव्हास, तेलरंग. बेळगावच्या गणपत गल्लीत संध्याकाळी निळ्या ताडपत्रीखाली बसलेली फूलवाली, मागे गर्दी आणि दुकानांचे दिवे. फोटोवरून आधी चेहरा पुरा केला, मग गल्ली रंगवली. सुटं सुटं दोन्ही बरं वाटतं, एकत्र मात्र चेहरा चिकटवल्यासारखा. इम्प्रेशनिस्टांच्या (एकोणिसाव्या शतकात बदलता उजेड मोकळ्या फटकाऱ्यांनी रंगवणारे फ्रेंच चित्रकार) शहरी चित्रांत असं का होत नाही? आणि या पावसात थर वाळायला किती थांबायचं? सांगा की.

टिळकवाडीकर: घोळ क्रमात आहे. चेहरा आणि गल्ली एकाच बैठकीत, एकाच पॅलेटवर पुढं न्यायची. आधी डोळे बारीक करून बघा आणि सगळं चित्र उजेड-अंधाराच्या चार-पाच छटांत बसवा, १० किंवा १२ नंबरच्या चपट्या ब्रशनं. नाक-डोळे त्यानंतर.

ताडपत्रीतून निळा उजेड झिरपतोय ना? मग तो कपाळावर, गालाच्या वरच्या बाजूला, खांद्यावर यायलाच हवा. दुकानातल्या बल्बचा पिवळा एका बाजूनं जबड्यावर. तुम्ही कातडीचा एकच रंग कालवून सावलीत काळा मिसळला असणार, तिथंच चेहरा गल्लीपासून तुटतो. सावलीत अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घाला. आणि कडा! केस मागच्या अंधारात विरघळू द्या, धारदार कड फक्त उजेडाच्या गालाला ठेवा. फोन सावल्या उजळवतो आणि दिवे दाबतो, म्हणून फोटोबरोबर जागेवरचं छोटं रंगीत स्केच हवंच.

कॅम्प_स्केच: मांडणीही तपासा. फ्रेंच चित्रकार एद्वार माने यांचं १८७३चं ‘द रेल्वे’ बघा. पॅरिसच्या सँ-लझार स्टेशनजवळची जागा, पण स्टेशन जवळपास दिसतच नाही. लोखंडी गजांमागे नुसती वाफ. बाई आपल्याकडे बघते, मुलगी पाठमोरी. शहर कळायला तेवढं पुरतं. तुम्ही बहुतेक मागची प्रत्येक पाटी रंगवलीय.

फ्रेंच चित्रकार एदगार दगा यांच्या ‘प्लास द ला कॉन्कॉर्द’मध्ये (१८७५, पॅरिसमधला एक चौक) त्यांचे मित्र लपिक आणि लपिक यांच्या मुली चौकटीच्या खालच्या कडेनं कापल्यात, डाव्या कडेचा माणूस अर्धाच, मधला चौक रिकामा. कुणी कुणाकडे बघत नाही. शहरातला एकटेपणा चेहऱ्यावरच्या भावातून कमी आणि या मोकळ्या जागेतून जास्त येतो, असं माझं ठाम मत आहे. फूलवाली मधून काढून एका बाजूला सरकवा, एखादं गिऱ्हाईक चौकटीनं कापा.

ब्रशवाला_शहापूर: पाट्या खरंच सगळ्या रंगवल्यात, अक्षरांसकट. पुसू की वरून रंग देऊ?

टिळकवाडीकर: रंग ओला असेल तर पॅलेट नाइफनं खरवडा आणि टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसा. वाळला असेल तर उंचवटे घासून सपाट करा, नाहीतर नव्या रंगातून जुनी अक्षरं उठून दिसतात.

वाळण्याचं दिवसात सांगता येत नाही. तेलरंग पाणी उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. आपल्याकडच्या जुलैत ते रेंगाळतं. जाड जागी हलकेच नख दाबा, खूण उमटली तर थांबा. खालचे थर टर्पेंटाइननं पातळ, वर जाताना जवसाचं तेल वाढवत न्या. उलटं केलंत तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात. अंबर (मातकट तपकिरी रंग) लवकर वाळतो, म्हणून तेलकट पांढऱ्यावर तो नको. कॅनव्हास बंद कपाटात ठेवू नका, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं.

कॅम्प_स्केच: पाट्या खरवडलेल्या जागी दिव्यांचे नुसते पिवळे-नारिंगी फटकारे द्या, आणि रस्ता ओला दाखवणार असाल तर त्यांची प्रतिबिंबं सरळ खाली ओढा, तिरकी नाही.